शेऱ्याचा रकाना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायरीच नाही.
काठावरून टाकलेली एक फळी आहे, कायम ओली;
तिच्यावरून शहाणा काय नि खुळा काय,
जपूनच चढतो.

आमचं कोर्ट बोटीवर. ॲमेझॉनच्या फाट्याफाट्यांतून
महिन्याला एक फेरी.
वर न्यायाधीश मारिलेते बाई,
खाली इंजिन, कांद्याची पोती आणि मी, कारकून ओदेनिल्सन.
दोन वर्षांपासून माझ्या शेजारी एक यंत्र,
सोडलेला माणूस तारखेला परत येईल का
ते सांगणारं.

जून. पाणी झाडांच्या गळ्याशी.
देउझिमार फळीवरून आला, अनवाणी.
बंदीच्या महिन्यात पिरारुकू मारला.
माणसाएवढा मासा, लपवणार कुठे?

मी रकाने भरले.
नाव. वय. आईचं नाव.
कायमचा पत्ता?
तो हसला नाही. मीही नाही.
त्याचं घर ओंडक्यांवर तरंगतं.
पाणी चढलं की झाडाला बांधायचं,
उतरलं की ओढत आतल्या तळ्यात न्यायचं.
चूल, कोंबड्या, बायको नेइदे, तिचं शिवणयंत्र
जागचं हलत नाही काही,
घरच तेवढं हलतं.
तीन वर्षांत पत्ते अकरा.

यंत्राने अकरा मोजले.
पळून जाण्याची शक्यता : शंभरात एक्याऐंशी.

मी यंत्राला शिव्या देणार नाही.
आधीचे न्यायाधीश मला आठवतात.
जेवण अंगावर आलं की
दुपारची सगळी माणसं आत.
यंत्राला पोट नाही.
कुणाचा मेहुणा महापौराची गाडी चालवतो
ते त्याला ठाऊक नाही.
त्याला फक्त घर ठाऊक नाही.
'फक्त' लिहिताना हात जरा अडला.

बाईंनी चष्मा काढला, खिडकीबाहेर बोट केलं :
ते का तुझं?
हो. ते निळं.
बाईंनी एक्याऐंशीवर काट मारली,
स्वतःच्या अक्षरात जामीन लिहिला.
तारीख नऊ ऑक्टोबर. याच ठिकाणी.

ऑक्टोबरात नदीची हाडं दिसायला लागली.
बोट रुतली, दोन वळणं अलीकडे, सहा दिवस.
आम्ही डब्यातले मासे खाल्ले.
बाई डेकवर पाय सोडून फायली वाचत होत्या.
नऊ तारीख संपली त्या मिनिटाला
यंत्राने आपली आपण नोंद केली :
आरोपी गैरहजर.
एक्याऐंशीचे सत्त्याण्णव झाले.
आणि बाईंच्या नावापुढे, बारीक अक्षरांत :
निर्णय चुकीचा ठरला.

मग औषधवाल्याच्या होडीतून चिठ्ठी आली.
अक्षर शाळेच्या मास्तरांचं, खाली अंगठा.
"आठलाच आलो. पाणी नव्हतं म्हणून चिखलातून.
नेइदे तापाने पडलेली, पोराला खांद्यावर आणलं.
फळी पडते तिथे दहाच्या संध्याकाळपर्यंत बसलो.
कोर्ट आलं नाही.
कोर्टाचा पत्ता कळवावा."

शेवटच्या ओळीला बाईंना हसू आलं.
ते फार टिकलं नाही.

मी दुरुस्ती करायला बसलो.
आरोपी हजर? हो किंवा नाही.
हो म्हटलं तर विचारतं, कुणासमोर?
कोर्ट हजर? असा रकानाच नाही.
कोर्ट फरार व्हायची शक्यता शंभरात किती,
ते मोजायला कुणी सांगितलेलं नाही.

राहता राहिला शेवटचा रकाना, शेरा.
यंत्र तो वाचत नाही.
शहरातलं ऑफिसही वाचत नाही.
एरवी मी तिथे डिझेलचा हिशेब टिपतो.
तिथे लिहिलं :
तो आला होता. आम्ही नव्हतो.
खाली सही, तारीख,
आणि आमचा त्या दिवशीचा पत्ता :
वाळू.